मंगलचा केतुबा

माझ्याकडून केतुबा करून घेणारी मुलंमुली फोनवर हमखास विचारतात, "तुम्ही हे कुणाकडून शिकलात?" मी शिफ्रा आत्याचं नाव सांगते. मंगलचं सांगत नाही. सांगायचं कारणही नाही म्हणा. मंगलनं मला काही शिकवलं नाही. ती फक्त माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि माझ्यापेक्षा चांगलं काढत राहिली. आता माझा हात थरथरायला लागलाय, बारीक पानं रंगवताना भिंग लागतं, आणि जे लिहायचं राहिलंय ते लिहून टाकावं असं वाटतं. तर हे प्रकरण तिचं.

केतुबा म्हणजे आम्हा ज्यू लोकांच्या लग्नातला करारनामा. नवऱ्यानं बायकोला काय द्यायचं ते त्यात असतं: अन्न, वस्त्र, मान, आणि उद्या सोडून दिलंच तर तिच्या पोटापाण्याची सोय. लग्नात तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात, साक्षीदार सह्या करतात आणि मग तो बायकोच्या हाती देतात. तो तिचा असतो, नवऱ्याचा नाही. माझ्या लहानपणी तो मुंबईहून छापील यायचा. नावं आणि तारीख भरली की झालं. हल्ली लोक तो चित्रासारखा करून घेतात आणि चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावतात. परवाच एका जोडप्यानं त्यात त्यांची मांजर घालायला सांगितली. मी घातली. अंबाजोगाईत बसून कुणी हे काम करतं याचं त्यांना नवल वाटतं. मला आता मांजरीचंसुद्धा वाटत नाही.

आम्ही बेने इस्राएल, मूळ कोकणातले. बाबा सिंदफणेवरच्या धरणाच्या कामावर फोरमन होते, दरवाजांच्या वर्कशॉपात, म्हणून आम्ही माजलगावला. धरणाच्या वसाहतीत पत्र्याची घरं होती, एकाला एक चिकटलेली. दुपारी सुरुंग उडायचे. आधी भोंगा व्हायचा, मग आई चुलीवरचं पातेलं हातानं धरून ठेवायची, मग धाडकन आवाज, आणि पत्र्यावरची धूळ ताटात. आवाज झाल्यावर आई पातेलं सोडायची आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायची. तिचं सगळं आयुष्य नारळाच्या दुधात शिजलेलं, आणि इथं नारळ देवापुढं फोडण्यापुरताच. मग ती शेंगदाणे वाटून त्याचं दूध काढायला शिकली. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घर झाडून, तेलाचा दिवा लावून, काळ्या मनुकांचं सरबत गाळून आम्ही बसायचो. पाव मिळायचा नाही म्हणून बाबा ज्वारीच्या भाकरीवरच आशीर्वाद म्हणायचे. आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा केला की आई तो घरोघर द्यायची. गोड पोहे, गूळ, खोबऱ्याचा कीस, वर केळ्याच्या चकत्या. शेजारणी तो कपाळाला लावून खायच्या आणि विचारायच्या, "कोणत्या देवाचा म्हनं हा?" आई सांगायची. त्या म्हणायच्या, "आसंल बाई, देवच हाय ना."

शिफ्रा आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मुंबईला चित्रकलेचं शिक्षण झालेली. तिचा नवरा परदेशी गेला आणि तिकडून त्यानं काडीमोड पाठवली. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी सहावीत असेन. वसाहतीतल्या लोकांनी तिचं नाव क्षिप्रा असं ऐकलं आणि ती उज्जैनकडची असावी असं ठरवून टाकलं. तिनंही कधी दुरुस्त केलं नाही. तिचा आवाज इतका बारीक होता की दुकानदार तिला दोनदा विचारायचा. ती म्हणायची, "माझा केतुबा लग्नात भराभरा वाचला, अरामी भाषेत. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. सोडून दिल्यावर मी तो कुणाकडून तरी समजून घेतला. इतकं चांगलं लिहिलं होतं त्यात." त्यानंतर ती केतुबा करायला लागली, स्वतःच्या हातानं, खाली मराठी अर्थ लिहून. मुंबई, ठाणे, अलिबागहून ओळखीची माणसं तिला काम द्यायची. कडेनं डाळिंबं काढायची पद्धत आहे, तर ती आमच्या बाजारात धारूरच्या डोंगरातून टोपल्या भरून येणारी सीताफळं काढायची. दाराच्या चौकटीला आम्ही प्रार्थनेची गुंडाळी ठोकतो, मेझुझा म्हणतात तिला, तिच्या नळ्या ती बाबांच्या वर्कशॉपातल्या टाकाऊ पितळी पाइपांतून करून घ्यायची. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपताना हुंगायच्या लवंग-वेलदोड्यांसाठी तिनं बाभळीच्या लाकडाची डबी कोरली होती, ऊस लादलेल्या बैलगाडीच्या आकाराची. चाकं फिरायची. ती डबी माझ्या हातात पहिल्यांदा दिली तेव्हाच मी ठरवलं की मी आत्यासारखी होणार, आणि आत्याची एकटीची होणार.

दोन-तीन वर्षं ते तसंच होतं. धरणाच्या कडेच्या पाणथळीतून बोरू तोडून आणायचे, सुकवायचे, चाकूनं तिरके छाटायचे, ते माझं काम. हिब्रू अक्षरं आपल्या मराठीसारखीच रेघेला लटकतात, खाली बसत नाहीत. हे आत्यानं मला दाखवलं तेव्हा मला वाटलं, हे गुपित जगात आम्हा दोघींनाच माहीत आहे. लामेद नावाचं एकच अक्षर रेघेच्या वर मान काढतं. माझ्या लामेदची मान नेहमी लुळी पडायची. आत्या म्हणायची, "येईल गं." शनिवारी काम बंद, तेव्हा मी तिच्या डोक्याला तेल लावायची आणि ती डोळे मिटून मला तिच्या शिक्षणाच्या दिवसांतल्या गोष्टी सांगायची. असा शनिवार मला पुन्हा मिळाला नाही.

मंगल माझ्याच वर्गात होती. धनगराची. तिच्या वडिलांचा, भिवाअण्णांचा, मेंढरांचा वाडा वसाहतीच्या मागच्या माळावर होता; भाऊ दिवाळीनंतर उसाच्या फडावर जायचे. उंच, काळीसावळी, शाळेत फार बोलायची नाही. एकदा ती गणिताची वही मागायला आली. आत्या ओट्यावर बसून एका केतुब्याच्या कडेची वेलबुट्टी काढत होती. मंगल वही विसरून उभीच राहिली. मग म्हणाली, "आत्या, ह्यो पाला उलटा हाय. सीताफळाचा पाला आसा न्हाई वळत." आणि खाली बसून तिनं बोटानं धुळीत एक फांदी काढली. मी ती फांदी पाहिली. धुळीतलीच ती, पण वारा आला तर हलेल अशी. आत्यानं आपल्या हातातला बोरू तिच्यापुढं धरला. त्या आधी आत्यानं स्वतःचा बोरू कुणालाही दिला नव्हता. मला छाटलेले जुने दिलेले होते.

त्यानंतर मंगल रोज यायला लागली. मेंढरं वाड्यात घातली की यायची, हातपाय धुऊन. तिच्या अंगाला लोकरीचा वास यायचा. तो मला आवडायचा नाही असं मी आईला सांगत असे, आई म्हणायची, "मला तर येत नाही." आईसुद्धा तिच्यासाठी न विसरता ताट वाढायची. बाबा तिला "काय मंगलाबाई, आज किती मेंढरं काढली?" असं विचारायचे आणि ती हसायची. आत्या मला सारखी हाक मारायची, "हन्ना, इकडे ये, हिचा हात बघ." मी जायची आणि बघायची. आपल्याला जे जमत नाही ते दुसऱ्याचं किती चांगलं आहे हे कळायला मात्र मला आत्यानंच शिकवलं होतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. डोळा तयार झाला होता, हात नव्हता. एकदा आत्यानं तिला गंमत म्हणून हिब्रू अक्षरं काढायला दिली. मंगलला त्यांचा उच्चारही ठाऊक नव्हता. मी लहानपणापासून प्रार्थना वाचणारी. तिनं लामेद काढलं. मान सरळ, किंचित मागं कललेली, एखादी बाई डोक्यावर घागर घेऊन थांबावी तशी. मी उठून मोरीत गेले आणि उगाच तांब्याभर पाणी ओतलं.

निदान शनिवारी तरी ती येणार नाही असं मला वाटलं होतं, कारण शनिवारी लिहायचं-काढायचं नसतं. पहिल्याच शनिवारी ती आली. काम नाही म्हटल्यावर आत्याच्या मागं जाऊन बसली, म्हणाली, "आत्या, किती कोरडं झालंय डोस्कं," आणि तेलाची वाटी ओढली. मी दारात उभी होते. आत्यानं डोळे मिटले. मी शेजारच्या घरी जाऊन रेडिओ ऐकत बसले आणि काय ऐकलं ते आजही सांगता येणार नाही.

थोरल्या बहिणीचं, रिबकाताईचं, लग्न ठाण्याच्या मुलाशी ठरलं. केतुबा अर्थात आत्या करणार. मी मनात त्याची चौकट केव्हाच काढून ठेवली होती: धरणाची भिंत, खाली नदी, दोन बगळे. माझ्या सख्ख्या बहिणीचा केतुबा. तो मीच काढणार यात मला शंका नव्हती. एका सकाळी आत्यानं मोठा कागद पाटावर ताणून बसवला आणि म्हणाली, "मजकूर मी लिहीन. हन्ना, तू रेघा आखून दे, तुझ्या रेघा नेमक्या असतात. वेल मंगल काढेल."

मंगल तिथंच होती, रंगाच्या वाट्या धूत.

मी म्हणाले, "ती आपल्यातली नाही."

आत्यानं वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे हा आपला केतुबा आहे. पवित्र असतो. तिला कसा काढू देतेस?"

"साक्षीदार आपल्यातले लागतात, हन्ना. वेल काढणाऱ्याचं कुठं काही लिहिलेलं नाही." तिच्या त्या बारीक आवाजात राग कळायचा नाही, पण तिनं बोरू खाली ठेवला. "आणि या सबंध तालुक्यात आपल्यातलं म्हणजे आपण एका घरातली माणसं. त्या शब्दानं तू कुणाला बाहेर ठेवणार?"

मंगलनं वाट्या पालथ्या घातल्या, हात परकराला पुसले आणि घरी निघाली. मी तिच्या मागं फाटकापर्यंत गेले. "तू येत जाऊ नकोस आमच्याकडे," मी म्हणाले.

ती थांबली. "आत्या म्हनल्या तर न्हाई येनार. तू म्हनलीस म्हनून न्हाई."

आणि दुसऱ्या दिवशी ती आली. मी रेघा आखल्या. त्या खरंच नेमक्या होत्या.

ठाण्याच्या त्या लग्नाचं मला बाकी थोडंच आठवतं. मेंदीच्या रात्रीची गाणी, ताईची पांढरी साडी, नारळाच्या दुधातलं मटण आणि ते खाताना आईचे भरून आलेले डोळे. केतुबा वाचून झाल्यावर लोकांनी तो हातोहात फिरवला. सीताफळाच्या वेलबुट्टीत मधेमधे मेंढरं होती, एक कोकरू तर ताईच्या नावाच्या अक्षराखाली सावलीला बसलेलं. सगळे विचारत होते, हे कुणी काढलं. आत्या प्रत्येकाला सांगत होती, "हन्नाच्या मैत्रिणीनं." मग लोक माझ्याकडे वळून म्हणायचे, "छान गं तुझी मैत्रीण." मी प्रत्येकाला हो म्हणाले. एवढ्या लोकांत आत्या एकदाही म्हणाली नाही की रेघा हन्नाच्या आहेत. रेघा कुणाला दिसतात? खोडून टाकलेल्या असतात त्या.

दहावीच्या निकालानंतर वर्षाच्या आत मंगलचं लग्न ठरलं. मुलगा नांदूरघाटचा, ज्ञानोबा नावाचा. घरची थोडी कोरडवाहू जमीन, आणि हंगामात सगळं घर ऊसतोडीला. उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको आली की कोयता पुरा होतो, म्हणून तिकडच्यांना घाई होती. मंगलनं ही बातमी आमच्या ओट्यावर बसून सांगितली. आईनं तिला साखर दिली. आत्या बोरू पुसत राहिली. मला बरं वाटलं. मोकळं वाटलं, पाऊस उघडल्यासारखं. नांदूरघाट दूर होतं, आणि बोरू, पाट, शनिवार हे सगळं आता परत माझ्याकडे येणार होतं.

मग मंगल म्हणाली, "आत्या, माज्या लग्नात बी तसा कागद करा. मराठीत."

"काय लिहू त्यात?" आत्यानं विचारलं.

"उसाला न्यायाचं न्हाई म्हनून लिवा," मंगल म्हणाली, आणि लगेच मान हलवली. "न्हाई, ते कुनी ऐकनार न्हाई. त्ये खोटं पडंल. जे हुईल तेवढंच लिवा. पोटुशी आसताना आन लेकरू अंगावर पीत आसताना फडात कोयता हातात द्यायचा न्हाई. माहेराला यायला मला कुनाला विचारायला लागू नये. आन माजी रंगपेटी घरात राहील. कुनी फेकायची न्हाई, कुनी इकायची न्हाई."

रंगपेटी आत्यानंच तिला दिलेली होती.

त्यानंतर किती दिवस आत्या त्या कागदामागं होती ते मी मोजले नाहीत, पण तेवढे दिवस ती माझ्याशी नीट बोलल्याचं आठवत नाही. पाट तिनं आतल्या खोलीत नेला. "मंगलला दिसायला नको, आणि तुलाही," ती म्हणाली. "पूर्ण झाल्यावर बघा." बाहेरून आलेली मुंबईची कामं तिनं परत केली. तिच्या बोटांना सोनेरी रंग लागलेला असायचा. तो रंग ती फार जपून वापरायची, ताईच्या केतुब्यात त्याचा एक ठिपका होता. जेवताना मी तिच्या बोटांकडे बघायची. मी एकदा आईला विचारलं, "माझ्या लग्नाला आत्या असा करील का?" आई भाकरी थापत होती. "करील की," म्हणाली. "तुझा तर घरचाच." घरचाच म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं होतं: जे कधीही करता येतं आणि म्हणून राहून जातं.

लग्न माळावरच होतं, मेंढरांच्या वाड्यासमोर मांडव घालून. वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी, आणि लाउडस्पीकर, जो बोलण्यापेक्षा शिट्टीच जास्त मारत होता. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पंगतीची गडबड सुरू होणार तेवढ्यात भिवाअण्णा उठून म्हणाले, "जरा दम धरा. फोरमनसायबाच्या भैनीला कायतरी वाचायचंय." आत्या गुंडाळी घेऊन माइकपाशी गेली. तिनं सुरुवात केली आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही. माइक शिट्टी मारून बंद पडला. मागं पोरं हसली. नवरदेवाचे काका, फेटेवाले, पायावर पाय टाकून बसले होते. ते म्हणाले, "ह्ये काय बे काढलं मधीच? कोर्टाचा कागद हाय का?" मंगलचा सासरा उभा राहिला. "आमच्यात आसलं नसतंय, बाई. पोरगी दिली, लग्न लागलं. आता कागद कावून?" भिवाअण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नाच्या मांडवात सासरच्यांना डिवचणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याची किंमत बाप मोजत नाही, मुलगी मोजते. आत्यानं आजूबाजूला पाहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"तू वाच," ती म्हणाली. "तुझा आवाज मोठा आहे."

तोवर मी तो पाहिलेला नव्हता. मी गुंडाळी उघडली आणि क्षणभर मांडव, सासरा, सगळं विसरले. आत्यानं त्यात सबंध माळ काढला होता. खाली मेंढरं, बाजूनं उसाचा फड, तुरे सोन्याचे, आणि वर आभाळात मराठी अक्षरं रेघेला लटकलेली, पण हिब्रूच्या ढंगात, जाड उभ्या दांड्यांची, चौकोनी. प्रत्येक 'ल' रेघेच्या वर मान काढून उभा. मराठी ल कधी असं करत नाही. तिनं तो करायला लावला होता. तिच्या हातून यापेक्षा चांगलं काही झालेलं नाही, हे आज चाळीस वर्षं हे काम केल्यावरही मी सांगते. तेव्हा मला एवढंच वाटलं की हे माझं असायला हवं होतं. वाचायचं सोडून मी त्या सोन्याकडे बघत राहिले. लोकांना वाटलं मी घाबरले.

मग मी वाचलं. माइकशिवाय, प्रार्थना वाचतात तशा लयीत, कारण मला दुसरी लय येत नव्हती. "ज्ञानोबा मंगलला म्हणतो की, तू माझी पत्नी हो. मी तुला अन्न देईन, वस्त्र देईन, चारचौघांत आणि एकांतात तुझा मान ठेवीन. तू गरोदर असशील, तुझं लेकरू अंगावर पीत असेल, तेव्हा मी तुझ्या हाती कोयता देणार नाही. माहेरची वाट तुला कुणाला न विचारता मोकळी राहील. तुझी रंगपेटी माझ्या घरात तुझीच राहील." बायका पदर सावरून पुढं सरकल्या. कोयत्याचं वाक्य झालं तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "आजूक एकदा म्हन, पोरी." मी आणखी एकदा म्हटलं.

नवरदेव मुंडावळ्यांतून बघत होता. त्यानं विचारलं, "रंगपेटी म्हंजी काय?"

नवरीनं बोलायचं नसतं. मंगल बोलली. "माजी हाय. घरी गेल्यावर दावते."

बायका हसल्या, मग पुरुष हसले, शेवटी फेटेवाले काकासुद्धा. सासरा हसला नाही, पण बसला. ज्ञानोबानं शाळेतल्या गुरुजींचं पेन मागून घेतलं आणि हळूहळू, एकेक अक्षर जुळवत सही केली. भिवाअण्णांनी अंगठा उठवला. आता दुसरा साक्षीदार पाहिजे होता. बाबा पुढं झाले, तर मंगल म्हणाली, "हन्ना करंल सही."

मी आत्याकडे पाहिलं. "आपल्यात बाईची साक्ष चालत नाही," मी म्हणाले. खरं तर मला करायची नव्हती.

"हा आपल्यातला नाही," आत्या म्हणाली. "हा मंगलचा आहे."

मी सही केली. माझ्या अक्षराला आत्याच्या अक्षराशेजारी जागा मिळाली ती त्या एका कागदावर.

कागदानं काय झालं, असं कुणी विचारलं तर थोडं झालं आणि थोडं नाही. मंगल उसाला गेली, पहिल्याच हंगामात गेली. पण मुलं झाली तेव्हा दोन्ही वेळा ज्ञानोबानं तिला गावी ठेवलं आणि अर्धा कोयता म्हणून फडावर सगळ्यांचं ऐकून घेतलं. "सही केलीया ना बे," एवढंच तो म्हणायचा, असं तिचे भाऊ येऊन सांगायचे. माहेरी ती यायची, आली की आधी आत्याकडे. नंतर तिनं गावात भिंती रंगवल्या, शाळेच्या, दवाखान्याच्या. धरण पुरं झालं. आत्या काविळीनं गेली, माझं लग्न ठरायच्या आधी. माझा केतुबा मुंबईहून छापील आला. नवरा भला माणूस होता, तक्रार नाही. पण तो कागद मी कपाटातून कधी बाहेर काढला नाही. आत्याच्या नावानं कामं येतच राहिली तेव्हा मी तिचे बोरू घेऊन बसले, आणि हट्टानं बसता बसता हात आला. लामेदची मानही आली. उशिरा आली.

गेल्या वर्षी मुंबईची एक मुलगी आत्याची कामं गोळा करून प्रदर्शन मांडायचं म्हणत होती. मी एसटीनं नांदूरघाटला गेले, कागद मागायला. मंगलचे केस पांढरे झालेत, ज्ञानोबा जाऊन काही वर्षं झाली. कागद देवांच्या तसबिरींशेजारी काचेत होता, धुरानं थोडा पिवळा. मी नीट समजावून सांगितलं: जपून नेतील, महिन्याभरात परत आणतील, आत्याचं नाव होईल. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"न्हाई द्यायाचा," ती म्हणाली.

"मंगल, ती माझी आत्या होती."

"व्हय. तुज्याकडं तिचं समदं हाय. बोरू हाय, डब्या हाईत, नाव हाय. माज्याकडं ह्यो येकच हाय."

मी भिंतीकडे बघत बसले. त्या उसाच्या तुऱ्यांचं सोनं अजून तसंच होतं. मंगल माझ्याकडे बघत होती.

"आजून बी राग येतो का गं माजा?" तिनं विचारलं.

"येतो," मी म्हणाले.

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून चहा ठेवायला उठली. "तुज्या-माज्याबिगर तिचं नाव काढनारं आता ऱ्हायलंय कोन?"